दुरुस्ती अर्ज मंजूर झाला? मग १४ दिवस मोजायला घ्या
(जमिनीच्या दाव्याचं टायपिंग आमच्याकडे देणाऱ्या पक्षकारांसाठी)

“साहेबांनी दुरुस्ती अर्ज मंजूर केला. आता काय राहिलं?” आठवड्यातून दोनदा तरी हा प्रश्न आमच्या टेबलावर येतो. अहो, दुरुस्तीच राहिली! मंजूर झाली ती परवानगी. मूळ दाव्यात, म्हणजे निशाणी १ वर, तो मजकूर प्रत्यक्ष लिहायचा असतो. ते काम तुमचे वकील किंवा त्यांचे कारकून कोर्टात करतात. मग दुरुस्त दाव्याची स्वच्छ प्रत दाखल करायची आणि समोरच्याला नक्कल द्यायची. हुकमात मुदत दिली असेल तर त्या मुदतीत. दिली नसेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ६ रूल १८ प्रमाणे हुकमाच्या दिवसापासून १४ दिवसांत. पुढच्या तारखेचा याच्याशी काही संबंध नाही.

गेल्या पावसाळ्यात एक दादा हुकमाची नक्कल गाडीच्या डिकीत ठेवून थेट पुढच्या तारखेला सकाळी आले. मध्ये दीड महिना गेलेला. दावा लिहिताना पूर्वेचा ओढा पश्चिमेला आणि पश्चिमेचा चुलत्यांचा गट पूर्वेला पडला होता, एवढीच दुरुस्ती. त्यापायी मुदतवाढीचा अर्ज, उशिराचं कारण, समोरच्यांचं म्हणणं, त्यावर हुकूम, असं सगळं नव्याने. तोवर चतुःसीमा उलटीच.

अर्ज मंजूर होईल की नाही, हे वकीलच सांगतील, आम्ही टायपिंगवाले. एवढं मात्र रोज पाहतो की पुरावा सुरू झाल्यावर दुरुस्ती मागणं अवघड जातं. १ जुलै २००२ पासून नियमच तसा आहे: पुरेशी काळजी घेऊनही ही गोष्ट आधी मांडता आली नसती, हे कोर्टाला पटवावं लागतं. मोजणीची क-प्रत, म्हणजे मोजणीनंतर मिळणारा हद्दींचा नकाशा, मिळाली की त्याच दिवशी वकिलांना दाखवा. सरतपासणीचं शपथपत्र, म्हणजे पक्षकाराची स्वतःची लेखी साक्ष, टाईप होत असताना पिशवीतून नकाशा निघतो, तेव्हा आमचेच हात थांबतात.

आता आमच्या हट्टाबद्दल. “जाता जाता ती विहीर पण घाला की,” असं म्हणणारे असतात. आम्ही घालत नाही. मंजूर मजकुराबाहेरचा एक शब्दही दुरुस्त प्रतीत जाणार नाही. समोरचे वकील जुनी-नवी प्रत ओळीला ओळ लावून वाचतात आणि मग उत्तर तुम्हाला द्यावं लागतं. विहीर हवी तर तिच्यासाठी वेगळा अर्ज.

गट नंबर आणि क्षेत्र आम्ही फोनवरून घेत नाही. ७/१२ समोर लागतो. उताऱ्यावर ०.४१ हेक्टर म्हणजे ४१ आर. बोलताना आपण सर्रास ‘एकेचाळीस गुंठे’ म्हणतो. आर १०० चौरस मीटरचा, गुंठा साधारण १०१.१७ चौरस मीटरचा. एकेचाळीस गुंठे टाईप केलं तर जवळपास अर्धा गुंठा जास्त मागितल्यासारखं होतं, आणि बांधावरची कितीतरी भांडणं अर्ध्या गुंठ्याचीच असतात. म्हणून प्रत्येक प्रत दोघं मिळून वाचतो, एक मोठ्याने, दुसरा उताऱ्यावर बोट ठेवून. आमचा पानाचा दर शेजारच्यापेक्षा थोडा जास्त आहे, तो यामुळे. वाचनाचे वेगळे पैसे नाहीत.

येताना हुकमाची नक्कल, मंजूर झालेला अर्ज, मूळ दाव्याची प्रत आणि ७/१२ आणा. दावा आमच्याकडेच टाईप झाला असेल तर फाईल संगणकात असते, तेवढा वेळ वाचतो. दुपारी चारच्या आत कागद दिलेत तर दुसऱ्या दिवशी कोर्ट भरायच्या आधी प्रती तयार. हुकमाची तारीख सांगून ठेवलीत तर ती भिंतीवरच्या कॅलेंडरवर तुमच्या नावाने लिहितो आणि दहाव्या दिवशी आठवणीचा फोन करतो. तेवढा उचला.