सदस्य अपात्र ठरला, की गैरवर्तनासाठी काढला गेला?

गावात किंवा प्रभागात बातमी एकाच वाक्यात फिरते: ‘त्याचं पद गेलं.’ कशामुळे गेलं असं विचारलं, की उत्तर येतं, ‘काहीतरी भानगड केली असणार.’ महाराष्ट्रात ग्रामपंचायत सदस्याचं, सरपंचाचं किंवा नगरसेवकाचं पद मुदतीआधी जाण्याच्या वाटा वेगवेगळ्या आहेत. त्यातल्या दोन वाटा बोलण्यात कायम एकमेकींत मिसळतात. एक अपात्रता, दुसरी गैरवर्तनासाठी पदावरून दूर करणं. या सरमिसळीमुळे निर्दोष माणसावर डाग बसतो आणि खरोखर वाईट वागणारा सहीसलामत सुटतो, म्हणून त्या वेगळ्या करून पाहणं मला गरजेचं वाटतं.

अपात्रतेचा प्रश्न एवढाच असतो: ही व्यक्ती या खुर्चीवर बसू शकते का? महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४ मध्ये त्याची यादी आहे. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं अपत्य झालं असेल, सरकारी किंवा सार्वजनिक जागेवर अतिक्रमण असेल, पंचायतीचा कर बिल हाती पडूनही मुदतीत भरलेला नसेल, तर सदस्यत्व जातं. राखीव जागेवर निवडून आलेल्याने ठरलेल्या मुदतीत जात वैधता प्रमाणपत्र दिलं नाही तर निवडच रद्द होते. यातल्या बहुतेक गोष्टींचा सभागृहातल्या वागण्याशी संबंध नाही. पाच वर्षं एकही सभा न चुकवणारा, पै पैचा हिशेब देणारा सदस्यही अपात्र ठरू शकतो.

इतकंच काय, स्वतःची चूक असायलाच हवी असंही नाही. जनाबाई या ग्रामपंचायत सदस्येच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली सांगितलं, की अतिक्रमण मुळात घरातल्या दुसऱ्या कुणी केलेलं असलं, तरी ती जागा वापरत राहणारा सदस्य अपात्र ठरतो. सार्वजनिक जागा राखण्यासाठी हे ठीकच आहे. पण अशा माणसाला ‘भ्रष्ट’ म्हणणं चूक आहे.

गैरवर्तनाचा प्रश्न वेगळा: खुर्चीवर बसल्यावर हा माणूस वागला कसा? ग्रामपंचायतीसाठी कलम ३९ आणि नगरपरिषदांसाठी १९६५ च्या अधिनियमाचं कलम ४२ इथे लागू होतं. कर्तव्य बजावताना केलेलं गैरवर्तन आणि लांच्छनास्पद वर्तन हे आधार दोन्हीकडे आहेत. ग्रामपंचायतीत त्यात कर्तव्यातली हयगयही येते. इथे चौकशी होणं, नोटीस मिळणं, बाजू मांडायची संधी मिळणं आवश्यक असतं. ग्रामपंचायतीच्या बाबतीत जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी चौकशी करतात आणि निर्णय विभागीय आयुक्त देतात. नगरपरिषदेच्या सदस्याला काढण्याचा अधिकार राज्य सरकारकडे आहे.

अपात्रतेचा अर्ज ग्रामपंचायतीच्या बाबतीत जिल्हाधिकाऱ्यांपुढे चालतो आणि तो मुख्यतः कागदांवर उभा असतो: जन्मदाखला, आठ अचा उतारा, मोजणीचा नकाशा, कराची पावती. गैरवर्तनाला साक्षी लागतात, हेतू तपासावा लागतो, ‘चूक झाली’ आणि ‘मुद्दाम केलं’ यांतला फरक दाखवावा लागतो. म्हणून ते सिद्ध करणं अवघड आहे आणि ते अवघडच असायला हवं. उरणच्या नगराध्यक्षांना पदावरून दूर करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये रद्द केला, तेव्हा त्यामागे हाच विचार होता. निवडून आलेल्या माणसाला काढलं की त्याच्या नावाला बट्टा लागतोच, शिवाय ज्यांनी त्याला निवडलं ते मतदारही आपल्या प्रतिनिधीला मुकतात.

(अविश्वास ठराव ही तिसरीच गोष्ट. तो सरपंच, उपसरपंच किंवा नगराध्यक्षावर येतो, त्याला दोष सिद्ध व्हावा लागत नाही, आवश्यक बहुमत लागतं; थेट निवडून आलेल्या सरपंचाच्या बाबतीत ग्रामसभेची मान्यताही लागते. उपसरपंचपद गेलं तरी माणूस सदस्य राहू शकतो.)

अपात्रता कागदावर चालते, कुणीही अर्ज करू शकतो आणि निकाल लागला की पद गेलंच. त्यामुळे ज्याला एखादा सदस्य नकोसा झालाय, त्याला हीच वाट सोपी वाटते. जळगाव जिल्ह्यातल्या विचखेडे गावच्या महिला सरपंचांचं प्रकरण याच ठिकाणी वाचायला हवं. सरकारी जागेवरच्या घरात त्या सासूसोबत राहतात, असा आरोप करून त्यांना अपात्र ठरवलं गेलं. आपण वेगळं, भाड्याच्या घरात राहतो, असं त्यांचं म्हणणं होतं. जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश आयुक्तांनी कायम केला, उच्च न्यायालयात तांत्रिक मुद्द्यावर याचिका फेटाळली गेली. सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला आणि स्पष्ट म्हटलं, की एक बाई सरपंच झाली, तिचे निर्णय आपल्याला पाळावे लागणार, हे गावातल्या लोकांना पचलं नाही. अर्जावर विषय अतिक्रमणाचा होता. तक्रार तिच्या बाई असण्याबद्दल होती.

आता उलट बाजू. एका मासिक सभेला मी मागच्या बाकावर बसून होतो. पहिल्यांदाच निवडून आलेली सदस्या पाण्याच्या टाकीच्या गळतीबद्दल बोलायला उठली. उपसरपंच म्हणाले, ‘वहिनी, तुम्ही बसा, दादा आले की बोलतील.’ दादा म्हणजे तिचा नवरा. तो सदस्य नव्हता. ती दोन क्षण तशीच उभी राहिली, हातातल्या कागदाची घडी घातली आणि खाली बसली. सभा संपल्यावर प्रोसिडिंगवर, म्हणजे सभेच्या इतिवृत्तावर, तिची सही घेतली गेली. टाकीचा प्रश्न मात्र त्यात कुठेच लिहिलेला नव्हता.

हे कोणत्या खान्यात बसवायचं? उपसरपंच अपात्र नाहीत. त्यांची घरपट्टी भरलेली आहे, अतिक्रमण नाही, कागद चोख आहेत. गैरवर्तन म्हणावं, तर त्या कलमांत उपाय एकच आहे, पद काढून घेणं. एका वाक्यासाठी कोणताही आयुक्त कुणाला पदावरून काढणार नाही आणि काढूही नये. म्हणून तक्रारच होत नाही. अशी पन्नास वाक्यं ऐकल्यावर ती सदस्या बोलायचं थांबवते. २०११ पासून महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांतल्या निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. खुर्चीची समानता कायद्याने दिली, पण त्या खुर्चीवरून बोलताना मिळणारी वागणूक कायद्याच्या कक्षेत नीट आलेलीच नाही.

अनुसूचित जाती-जमातींच्या सदस्यांसाठी एक ठोस तरतूद आहे. अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीनंतर, अशा सदस्याला किंवा अध्यक्षाला त्याचं नेहमीचं काम करण्यापासून रोखणं हा गुन्हा आहे. पण ती पोलीस ठाण्याची वाट आहे. ज्यांच्यासोबत पुढची चार वर्षं एकाच टेबलाभोवती बसायचंय त्यांच्यावर फिर्याद द्यायला किती धैर्य लागतं, हे गावात राहणाऱ्याला सांगायला नको.

वेल्समध्ये यासाठी मधल्या पायऱ्या आहेत. तिथल्या नगरसेवकांच्या आचारसंहितेत इतरांशी आदराने वागणं आणि लिंग, वंश, अपंगत्व असा भेद न करता सर्वांना समान संधी देणं ही थेट कर्तव्यं आहेत. स्थानिक समिती ठपका ठेवू शकते किंवा काही महिने निलंबित करू शकते. गंभीर प्रकरणं वरच्या न्यायाधिकरणाकडे जातात. तिथे एक वर्षापर्यंत निलंबन किंवा पाच वर्षांपर्यंत अपात्रता होऊ शकते. शेजारच्या इंग्लंडने २०११ च्या कायद्याने निलंबनाचा अधिकारच काढून टाकला, तेव्हा परिषदांच्या हाती मुख्यतः निषेधासारखे सौम्य उपाय उरले. इंग्लंडमध्ये वरच्या पायऱ्या गेल्या, आपल्याकडे खालच्या कधी बांधल्याच नाहीत. महापालिकेच्या सभेत गोंधळ घालणाऱ्याला बाहेर काढण्याचा अधिकार पीठासीन अधिकाऱ्याला असतो खरा, पण तो सभेची शिस्त राखण्यापुरता. शांतपणे, हसत हसत केलेला अपमान त्यात येत नाही.

ठपका, लेखी समज, माफी, महिनाभर समितीबाहेर, तीन महिने निलंबन: एवढ्या पायऱ्या कलम ३९ आणि ४२ च्या खाली बांधल्या, तर ‘वहिनी, तुम्ही बसा’ याचीही तक्रार करता येईल आणि ती करणाऱ्या बाईला समोरच्याचं पद घालवल्याचा बोल लागणार नाही.

तोवर ज्या सदस्येला गप्प बसवलं जातंय तिने निदान एक करावं. तोंडी बोलण्यावर न थांबता आपला प्रश्न लेखी द्यावा, त्याची पोच घ्यावी, आणि पुढच्या सभेत मागचं इतिवृत्त वाचून कायम होताना ‘माझा प्रश्न यात नाही, तो नोंदवा’ असं उभं राहून सांगावं. इतिवृत्त कायम करण्याचा विषय सभेपुढे असतो, त्यामुळे त्या वेळी तिला ‘हा विषय नाही, बसा’ असं म्हणता येत नाही.