मुदत संपलेली गाडी संस्थेला दान करायची आहे? आधी आरसीवरची तारीख बघा

वर्षातून दोनदा आमच्या वृद्धाश्रमाचा फोन गाड्यांसाठी वाजतो. एकदा दिवाळीच्या तोंडावर, घर आवरताना कंपाउंडमधली जुनी गाडी डोळ्यांत खुपायला लागते तेव्हा. आणि एकदा मार्चमध्ये, टॅक्स वाचवायची आठवण होते तेव्हा. "भाऊ, गाडी एकदम चांगली आहे, बॅटरी तेवढी टाका आणि घेऊन जा." संस्थेचे कागद मी बघतो, त्यामुळे माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: आरसीची, म्हणजे गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्राची, मुदत कधी संपली? आणि उत्तरही बहुतेक वेळा ठरलेलंच येतं: "आरसीला कुठं मुदत असते जी? लाइफटाइम टॅक्स भरलाय नं!"

इथेच गाडी अडते. गाडी घेताना शोरूमने एकरकमी भरून दिला तो कर. नोंदणी वेगळी. खाजगी कारची नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि ही पंधरा वर्षं नोंदणीच्या तारखेपासून मोजतात, गाडी कोणत्या साली बनली त्यावरून नाही. पावती कधीची आहे त्यावरूनही नाही. आरसीवर मुदतीची तारीख छापलेली असते, पण ती वाचायची सवय कोणालाच नाही. दरवर्षी विमा भरला म्हणजे गाडी कायदेशीर, हाही असाच एक समज. विमा कंपनी पैसे घेते, आरसीची मुदत काही ती वाढवून देत नाही. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याआधीच्या साठ दिवसांत करता येतो. हे साठ दिवस पुष्कळजण उलटे वाचतात आणि मुदत संपल्यावर दोन महिन्यांची सवलत आहे असं समजून निवांत बसतात. तशी सवलत नाही.

याच्या अगदी उलटी घाबरगुंडीही बघतो. "पंधरा वर्षं झाली, आता गाडी सरकार उचलून नेणार." दिल्ली परिसरातले डिझेल-पेट्रोल गाड्यांचे नियम मोबाइलवर फिरत फिरत नागपुरात येतात आणि लोक चांगली गाडी भंगाराच्या भावात देऊन मोकळे होतात. आपल्याकडे खाजगी गाडी तपासणीत पास झाली की नोंदणी पाच-पाच वर्षांनी वाढवून मिळते.

आता मुद्द्याचं. दान द्यायला दोन वाटा आहेत आणि त्या पहिल्याच दिवशी वेगळ्या करायला हव्यात. संस्था गाडी रस्त्यावर चालवणार असेल तर आधी नूतनीकरण, मग नावबदल. चालवणार नसेल तर गाडी अधिकृत स्क्रॅपिंग केंद्रात द्यायची आणि आलेले पैसे संस्थेला द्यायचे. तिसरी वाट, म्हणजे चावी हातात ठेवून "तुमचं तुम्ही बघून घ्या" म्हणणं, ही सगळ्यात जास्त चालते आणि सगळ्यात जास्त महागात पडते. सरकारदरबारी ज्याचं नाव, तो मालक. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये असंच एक प्रकरण निकाली काढलं: गाडी हातोहात विकली गेली होती, पण नोंदणी पहिल्याच मालकाच्या नावावर राहिली होती. अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्या नोंदलेल्या मालकावरच आली. तुम्ही पुण्य म्हणून दिलेली गाडी संस्थेने कबाड्याला विकली, कबाड्याने आणखी कोणाला, आणि ती कुठे सापडली तर पोलीस तुमच्याच दारात येतील.

पहिल्या वाटेचा खर्च आधी कागदावर मांडा. पंधरा वर्षांवरच्या कारच्या नूतनीकरणाचं शुल्क ५,००० रुपये; गाडी वीस वर्षांपुढची असेल तर ऑगस्ट २०२५ पासून १०,०००. त्यावर उशिराचा दंड महिन्याला ५०० रुपये, आणि महिन्याचा एखादा दिवस उलटला तरी पूर्ण महिना धरतात. म्हणजे अडीच वर्षं उभी असलेली, वीस वर्षांच्या आतली गाडी घ्या: दंड पंधरा हजार आणि शुल्क पाच हजार, झाले वीस हजार. पर्यावरण कर, विमा, पीयूसी, नवीन टायर हे अजून धरलेलेच नाही. १ एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी असेल तर उच्च सुरक्षा नंबर प्लेटही हवी. ती नसेल तर आरटीओतली बरीचशी कामं थांबवून ठेवतात. हा आकडा ऐकल्यावर दहातले आठ जण फोनवरच गप्प होतात. मला ते गप्प होणं आवडतं, कारण गाडी आमच्या अंगणात येऊन उभी राहिल्यावर गप्प होण्यापेक्षा ते बरं.

आणि एक. नोंदणी संपलेली गाडी तपासणीला न्यायची म्हणून स्वतः चालवत नेऊ नका. पहिल्या वेळी दोन ते पाच हजार दंड होऊ शकतो, आणि वाटेत कोणाला धक्का लागला तर विम्याचा वाद वेगळा. टोचन करून किंवा क्रेनवर न्या.

नूतनीकरणाला फॉर्म २५. नावबदलाला फॉर्म २९ आणि ३०. हे परिवहनच्या संकेतस्थळावर भरले जातात, त्यात फार काही नाही. अडतं ते बाकीच्या चार गोष्टींत.

पहिली म्हणजे एचपी, म्हणजे आरसीवरचा कर्जाचा बोजा. कर्ज फिटून दहा वर्षं झालेली, पण आरसीवर बँकेचं नाव तसंच. फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी जोडून तो बोजा उतरवायचा असतो, आणि हे करायचं असतं हेच कोणी सांगत नाही. त्यात कित्येक बँका आता राहिल्याच नाहीत. देना बँक आणि विजया बँक २०१९ मध्ये बँक ऑफ बडोदात गेल्या. २०२० मध्ये आंध्रा आणि कॉर्पोरेशन युनियन बँकेत गेल्या, अलाहाबाद इंडियन बँकेत, सिंडिकेट कॅनरात. कर्ज ज्या शाखेचं होतं तिथे आज मोबाइलचं दुकान असेल, तरी एनओसी देण्याची जबाबदारी नव्या बँकेची आहे. कर्ज खात्याचा नंबर, फिटल्याची पावती किंवा जुनं पासबुक घेऊन जा. "सिस्टिममध्ये दिसत नाही" असं तोंडी उत्तर घेऊन परत येऊ नका. अर्ज लेखी द्या आणि त्याची पोच घ्या. पोच हातात असली की दुसऱ्या भेटीत सिस्टिममध्ये बऱ्याच गोष्टी दिसायला लागतात.

दुसरी, ऑनलाइन नोंद. कागदी आरसी पुस्तकाच्या काळातल्या कितीतरी गाड्या सरकारच्या 'वाहन' या ऑनलाइन प्रणालीत सापडतच नाहीत, किंवा सापडल्या तर चेसिस नंबरचा एखादा आकडा चुकलेला असतो. अशा वेळी आधी आरटीओत बॅकलॉग नोंद, म्हणजे जुन्या कागदी नोंदीची ऑनलाइन भर, करून घ्यावी लागते, त्याशिवाय पुढचा एकही अर्ज उघडत नाही. म्हणून दान वगैरे बोलण्याआधी घरी बसून परिवहनच्या संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकून बघा. कोणत्या कार्यालयाची नोंद आहे तेही तिथेच कळतं. नागपुरात शहराचं एमएच-३१, ग्रामीणचं एमएच-४० आणि पूर्व नागपूरचं एमएच-४९ अशी तीन कार्यालयं आहेत. नंदनवनचा माणूस गिरीपेठेतल्या शहर कार्यालयात रांग लावतो, वाडीचा माणूस पूर्व नागपुरात जाऊन येतो, आणि पंचेचाळीस डिग्रीच्या उन्हात खिडकीवर ऐकतो, "तुमचा रेकॉर्ड इथे नाही." हे वाक्य आत शिरतानाच कळेल अशी एक पाटी लावायला किती खर्च येतो, हे मला अजून कळलेलं नाही.

तिसरी, चलन. ई-चलनं थकलेली असतील तर ती आधी भरा. गाडी तीन वर्षं हललीच नाही असं म्हणणाऱ्यांच्या नावावरही तीन वर्षांपूर्वीच्या सिग्नलची चलनं निघतात.

चौथी गोष्ट सगळ्यात नाजूक. गाडी वडिलांच्या नावावर आहे आणि वडील नाहीत. दान करायच्या गाड्यांत अशाच गाड्या जास्त असतात, कारण ती विकायला मन होत नाही. पण दान करायचं तर ती आधी तुमच्या नावावर यायला हवी. नियमाप्रमाणे मालक गेल्यावर तीस दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरायचा असतो. त्या तीस दिवसांत कोणाला गाडी सुचते? उशीर झाला म्हणून आता काहीच होत नाही असं समजून लोक तसेच राहतात, गाडी गंजते आणि दंड वाढत राहतो. उशिरानेही अर्ज घेतात. दंड भरा आणि सुरू करा. मृत्यूचा दाखला, वारसांचा पुरावा आणि बाकी वारसांची ना-हरकत प्रतिज्ञापत्रं लागतात. पुण्यातल्या बहिणीची आणि परदेशातल्या भावाची सही आधी मागवून घ्या, सगळ्यात जास्त वेळ तीच खाते. आरसी हरवली असेल तर पोलिसांत हरवल्याची नोंद आणि फॉर्म २६; पण त्याआधी गाडीतला ग्लोव्ह बॉक्स उघडून बघा. मी हसत नाहीये. गेल्या उन्हाळ्यात मानेवाड्याच्या एका कुटुंबाने डुप्लिकेट आरसीसाठी दीड महिना घालवला, आणि क्रेनवाल्याने ग्लोव्ह बॉक्समधून मूळ पुस्तक काढून त्यांच्या हातात ठेवलं.

संस्थेकडून काय लागतं तेही बघा, कारण तिथेही गोची असते. धर्मादाय आयुक्तांकडच्या नोंदणीचा दाखला, पॅन, पत्त्याचा पुरावा आणि गाडी स्वीकारण्याचा ठराव, ज्यात सही कोण करणार त्याचं नाव लिहिलेलं असेल. लेटरहेडवर "मिळाली, आभारी आहोत" एवढं लिहून दिलं म्हणजे ठराव झाला असं नाही. ठराव द्यायला कुरकुर करणाऱ्या संस्थेला गाडी देऊ नका, मग ती कितीही मोठी असो.

गाडी सरकारी दवाखान्याला किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेला द्यायची, हा विचार पुष्कळांच्या मनात येतो. पंधरा वर्षांवरच्या गाडीला ती वाट बंद आहे. १ एप्रिल २०२३ पासून सरकारी आणि पालिकेच्या मालकीच्या गाड्यांची नोंदणी पंधरा वर्षांपुढे वाढवत नाहीत. ते स्वतःच्याच गाड्या मोडीत काढताहेत, तुमची कुठून घेणार? आयटीआयच्या मुलांना इंजिन उघडून शिकायला द्यायची असेल तर गोष्ट वेगळी, पण तिथेही गाडीची नोंदणी आधी आरटीओतून रद्द करून घ्या. आणि जुन्या व्हॅनची रुग्णवाहिका करू म्हणणाऱ्यांनी आधी आरटीओत विचारावं. नुसता लाल दिवा आणि स्ट्रेचर टाकून रुग्णवाहिका होत नाही.

आता दुसरी वाट, जी मी बहुतेकांना सांगतो. २०२१ च्या नियमांनुसार नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रं सुरू झाली आहेत. अर्ज ऑनलाइन होतो, केंद्र तुम्ही निवडायचं. मूळ आरसी, पॅन, आधार आणि रद्द केलेला चेक लागतो. मात्र एचपी, थकबाकी, गुन्ह्याची नोंद किंवा काळ्या यादीचा शेरा असेल तर अर्ज पुढे सरकतच नाही, म्हणजे वरच्या अडचणींतून इथेही सुटका नाही. दिलासा एवढाच की नूतनीकरणाचे वीस-पंचवीस हजार घालायची गरज उरत नाही. भाव दोन-तीन केंद्रांना विचारा आणि गाडी उचलून नेण्याचा खर्च त्यात धरलाय का ते आधीच ठरवून घ्या. गाडी जमा झाली की सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट मिळतं. नाक्यावरचा कबाडी दोन-चार हजार जास्त देईल, पण हे सर्टिफिकेट देणार नाही, आणि आरसीवर तुमचं नाव तसंच राहील.

ते सर्टिफिकेट फाइलमध्ये टाकून विसरू नका. नवीन गाडी घेताना त्यावर नोंदणी शुल्क माफ होतं, करातही सवलत मिळते, आणि ते ऑनलाइन दुसऱ्याला हस्तांतरित करता येतं. संस्था नवी गाडी घेणार असेल तर पैशांबरोबर हा कागदही तिच्या कामाचा आहे.

मार्चवाल्यांसाठी महत्त्वाचं. गाडीच दान केली तर ८०जी ची वजावट, म्हणजे १९६१ च्या आयकर कायद्यातली देणगीवरची सवलत, मिळत नाही. वस्तुरूप देणगी त्यात बसत नाही, संस्थेने किंमत लिहून पावती दिली तरी नाही. दरवर्षी एखादा तरी माणूस "एक लाखाची गाडी दिली असं लिहून द्या" म्हणून आमच्याकडे बसून राहतो. असं लिहून देणारी संस्था तुम्हालाही गोत्यात आणते. स्क्रॅपचे पैसे तुमच्या खात्यात येऊ द्या आणि तिथून चेकने किंवा ऑनलाइन संस्थेला पाठवा. रोख देणगी दोन हजारांच्या वर गेली तर तिला वजावटच नाही. संस्थेकडे ८०जी ची नोंदणी चालू आहे ना ते बघा, नंतर तिच्याकडून देणगीचं प्रमाणपत्र (फॉर्म १०बीई) मागून घ्या, आणि जुनी करप्रणाली निवडली असेल तरच हा सगळा खटाटोप करा. आणि ३१ मार्चच्या आत पैसे संस्थेच्या खात्यात पोचायला हवेत. गाडी २८ तारखेला क्रेनवर चढली, याला काही अर्थ नाही.

गाडी गेल्यावर महिनाभराने नंबर टाकून पुन्हा एकदा बघा. नावबदल असेल तर संस्थेचं नाव दिसायला हवं, स्क्रॅप असेल तर नोंदणी रद्द दिसायला हवी. दिसत नसेल तर केंद्राला किंवा संस्थेला लेखी विचारा. काचेवरचा फास्टॅग मात्र गाडी द्यायच्या आधीच काढून बँकेकडे बंद करून घ्या.