आकारांचे युनियन (सीएनसी मिलिंग)

सीएनसी मिलिंगच्या (संगणकाने चालणाऱ्या यंत्रावर फिरत्या कटरने कापण्याच्या) प्रोग्रॅमसाठी चित्र तयार करताना एकमेकांवर चढलेल्या बंद आकारांच्या आत पडणाऱ्या रेषा काढून सलग बाह्यरेषा करणे, याला युनियन म्हणतात. काही सॉफ्टवेअरमध्ये हीच आज्ञा 'वेल्ड' नावाने असते.

पडद्यावर एकच आकार दिसत असला तरी युनियन होईपर्यंत सॉफ्टवेअरच्या लेखी ते दोन वेगळे काँटूर, म्हणजे बंद कडरेषा, असतात. बाहेरून प्रोफाइल (आकाराची कड) कापायला सांगितले की कटर प्रत्येकाभोवती स्वतंत्र फिरतो आणि दुसऱ्याच्या पोटात शिरतो. पॉकेटमध्ये, म्हणजे आकाराच्या आतला भाग खोदून काढताना, उलटे घडते. सम-विषम नियमाने चालणारे सॉफ्टवेअर सामाईक भाग 'बाहेर' धरते, आणि तिथे न कापलेले बेट उभे राहते. देवनागरी अक्षरे कोरताना शिरोरेषेच्या सांध्यांवर दिसणारे ठिपके बहुधा याचेच.

उदाहरणार्थ, 40 मिमी व्यासाचे वर्तुळ, केंद्र एक्स 0 वाय 0. त्यावर एक्स 0 ते 60 आणि वाय −10 ते +10 असा आयत. दोन्ही एक्स 17.321, वाय ±10 या बिंदूंवर छेदतात. युनियननंतर 300 अंशांचा एक कंस आणि तीन सरळ रेषा उरायला हव्यात. चौथी रेषा दिसली तर काम अर्धवट झाले आहे. 10 मिमी व्यासाच्या एंड मिलने (दांड्यासारख्या कटरने) हा आकार बाहेरून कापला, तर छेदबिंदूंच्या दोन्ही खाचांत 5 मिमी त्रिज्येची गोलाई राहते. त्याचाच पॉकेट केला तर हे कोपरे धारदार येतात आणि गोलाई आयताच्या टोकाच्या दोन कोपऱ्यांत जाते. जुळणाऱ्या भागाला चॅम्फर (कोपऱ्याचा तिरका छाट) कुठे द्यायचा, ते यावरूनच ठरते.

सर्वांत जास्त त्रास नुसत्या टेकलेल्या आकारांचा. तिसऱ्या दशांशातला फरकही पुरतो: कधी फट राहते, कधी 0.003 मिमीचा तुकडा मागे उरतो. जी41 किंवा जी42 (कटरचा मार्ग त्याच्या त्रिज्येइतका डावीकडे किंवा उजवीकडे सरकवणाऱ्या आज्ञा) चालू असताना अशा तुकड्यावर हा सरकाव, म्हणजे ऑफसेट, बसत नाही आणि कंट्रोलर अलार्म देऊन थांबतो. फानुक कंपनीच्या कंट्रोलरवर तो 41 क्रमांकाचा. उपाय म्हणून आकार सरकवू नये, माप बिघडते. जी कड दुसऱ्या आकारात लपणार आहे तेवढीच 1–2 मिमी आत लांबवावी.

काही सॉफ्टवेअर युनियन करताना कंसाचे बारीक रेषांत तुकडे करतात. एक-दोन ओळींच्या जी02 किंवा जी03 (कंसाच्या आज्ञा) ऐवजी जी01 च्या (सरळ रेषेच्या आज्ञेच्या) शेकडो ओळी दिसल्या तर हेच झाले आहे. फिनिश कटनंतर भिंतीवर पैलू बोटाला लागतात. अशा वेळी कंस पुन्हा बसवून घ्यावेत.

चार पट्ट्यांची चौकट युनियन केली की दोन काँटूर मिळतात, आणि आतल्याला ऑफसेट आतल्या बाजूने द्यावा लागतो. वेगवेगळ्या खोलीचे आकार मात्र एकत्र करूच नयेत. मूळ आकार वेगळ्या लेयरवर ठेवावेत. ड्रॉइंगमध्ये बदल आला की एकत्र झालेल्या रेषेवर माप बदलणे जिकिरीचे होते.