लसूण तळ्यात ओतू नका
रोहू-कटल्याच्या अंगावर लाल चट्टे दिसले की ‘वनौषधीच आहे, अपाय कसला!’ म्हणत लसूण-कडुलिंबाचा रस थेट तळ्यात ओतला जातो. एवढ्या पाण्यात लसूण कुठल्या कुठे विरतो. कडुलिंबाचा अर्क जास्त झाला तर मासेच मरतात.

लसूण द्यायचा तो खाद्यातून, किलोभर खाद्यामागे 5 ते 10 ग्रॅम. ठेचून दहा मिनिटं ठेवा. ठेचल्यावरच त्यातलं ॲलिसिन, म्हणजे जंतूंना मारणारं द्रव्य, तयार होतं, आधी शिजवलात तर वाया. मग दोन चमचे तेलात कालवून गोळी खाद्याला चोळा, नाहीतर पाण्यात धुऊन जातो. सावलीत सुकवून त्याच दिवशी घाला. हे सगळं आजाराआधी. आजारी मासा खाद्याला तोंडच लावत नाही. आणि पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करत असतील तर पाण्यात प्राणवायू कमी पडलाय; लसूण राहू द्या, एरेटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) लावा.