सही झाली, घर अजून कागदावरच

अमेरिकेत नवीन घरांच्या विक्रीचा मासिक आकडा आला की जुनाच समज फिरू लागतो: विक्री वाढली, म्हणजे तेवढी कुटुंबं नव्या घरात राहायला गेली आणि अर्थव्यवस्था सावरली. यातलं जवळपास काहीच बरोबर नाही.

सेन्सस ब्युरो, म्हणजे हे आकडे गोळा करणारं सरकारी खातं, विक्री मोजतं ती करारावर सही झाली किंवा इसार घेतला, की लगेच. पाया खणलेला नसला तरी घर 'विकलं' जातं. पुढे करार मोडला, तरी आकडा दुरुस्त होत नाही. बातमीतले 'सात लाख' हा तर वार्षिक दर असतो; त्या महिन्यातली विक्री साधारण त्याच्या बाराव्या हिश्श्याएवढी. शिवाय ही नमुना पाहणी आहे. वाढ झाली की घट, हेही एका महिन्यावरून अनेकदा ठरत नाही. मथळे मात्र ठाम!

तरी आकडा टाकाऊ नाही. सही लवकर होते, त्यामुळे कर्जाचे व्याजदर बदलल्याचा परिणाम इथे आधी दिसतो. नवीन घरामागे लाकूड, नळकाम, मजुरी असं प्रत्यक्ष उत्पादन असतं आणि ते जीडीपीत धरलं जातं. जुनं घर विकलं तर त्यात मुख्यतः दलाली आणि व्यवहाराचा खर्चच मोजला जातो.

मंदीची चाहूल मात्र हा आकडा कधी देतो, कधी चुकवतो. 2005च्या मध्यावर विक्रीने शिखर गाठलं, नंतर ती घसरत गेली. मंदी अधिकृतपणे सुरू झाली डिसेंबर 2007 मध्ये. पण 2022 मध्ये व्याजदर चढले, विक्री आपटली आणि मंदी आलीच नाही.