ध्रुवीय वसंतातील भूपृष्ठीय ओझोनऱ्हास

ध्रुवप्रदेशातील दीर्घ रात्र संपून सूर्य पुन्हा उगवू लागला की जमिनीलगतच्या हवेतील ओझोन काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत जवळजवळ नाहीसा होतो. या घटनेला भूपृष्ठीय ओझोनऱ्हास म्हणतात. एरवी हवेच्या अब्ज रेणूंमागे ओझोनचे ३० ते ४० रेणू असतात, ते अशा वेळी एकाच्याही खाली जातात. आर्क्टिकमध्ये हे मुख्यतः मार्च ते मे आणि अंटार्क्टिकात ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात घडते. स्थितांबरात (वातावरणाच्या वरच्या थरात) मानवनिर्मित क्लोरीनयुक्त वायूंमुळे पडणाऱ्या ओझोन विवराशी त्याची गल्लत करू नये. हा ऱ्हास पहिल्या काहीशे मीटर हवेतला आणि मुळात नैसर्गिक आहे.

पुण्यात उन्हाळ्याच्या दुपारी वाहनांच्या धुरातील वायूंवर ऊन पडून ओझोन वाढतो. ध्रुवावर मात्र तेच ऊन ओझोन संपवते, आणि त्याचे मूळ समुद्राच्या मिठात आहे. लिटरभर समुद्रजलात ब्रोमाइड (ब्रोमीनचे क्षाररूप) जेमतेम ६७ मिलिग्रॅम असते. पाणी गोठताना क्षार बर्फाच्या स्फटिकांत मावत नाहीत, बाहेर पडतात आणि कोवळ्या समुद्रबर्फावर व त्यावरील हिमात साचतात. या हिमातून सुटलेल्या ब्रोमीनच्या रेणूचे उन्हात दोन अणू होतात. प्रत्येक अणू ओझोनमधील एक ऑक्सिजन हिरावून घेतो आणि पुढे हायपोब्रोमस आम्लाच्या रूपाने आम्लधर्मी, खारट हिमावर परततो. तेथे ब्रोमाइडशी अभिक्रिया होऊन ब्रोमीनचा पूर्ण रेणू हवेत येतो, म्हणजे हिमात गेलेल्या एका अणूमागे दोन बाहेर पडतात. या साखळीला ‘ब्रोमीन-स्फोट’ म्हणतात. थंड, जड हवेचा थर वरच्या हवेत मिसळत नाही तोवर ओझोनची भरपाई होत नाही. वाऱ्याने थर ढवळला की पातळी पूर्ववत होते.

अलास्कातील बॅरो आणि कॅनडातील अलर्ट येथील १९८० च्या दशकातील मोजमापांतून ही घटना लक्षात आली. अलर्ट येथे हवा गाळणाऱ्या कागदांवर ब्रोमीन वाढले की ओझोन घटत असे, हे १९८८ मध्ये मांडले गेले. तेथेच १९९५ मध्ये ओझोनबरोबर हवेतील पाऱ्याची वाफही घटताना आढळली. ब्रोमीनमुळे पाऱ्याचे रूप बदलून तो हिमावर उतरतो आणि त्यातला काही भाग वितळत्या पाण्यावाटे अन्नसाखळीत शिरू शकतो. या घटनेचा सर्वांत चिंताजनक परिणाम हाच मानावा लागेल.

ओझोन नष्ट करण्यात आयोडीनचाही मोठा वाटा असल्याचे २०१९-२० च्या मोझॅक मोहिमेतील (आर्क्टिकच्या बर्फात जहाज अडकवून केलेल्या संशोधनातील) नोंदींवरून २०२२ मध्ये दाखवण्यात आले. त्या अभ्यासात पुण्याच्या पाषाण येथील भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचाही सहभाग होता.