तोतरेपणाची कारणे

काय बोलायचे ते पक्के ठाऊक असूनही पहिलाच ध्वनी पुन्हा पुन्हा निघणे (‘प-प-पाणी’), लांबणे किंवा घशातच अडणे म्हणजे तोतरेपणा. तो बहुधा २ ते ५ वर्षे वयात सुरू होतो. साधारण ५ टक्के मुलांत तो कधी ना कधी दिसतो आणि बहुतेकांचा आपोआप जातो. प्रौढांत प्रमाण सुमारे १ टक्का उरते. त्यांत पुरुष स्त्रियांच्या जवळपास चौपट.

दोष पूर्वी जिभेच्या माथी मारला जाई. आपल्याकडे वेखंड उगाळून चाटवत, ते त्यामानाने बरेच म्हणायचे. १८४१मध्ये बर्लिनचे शल्यविशारद डीफेनबाख जिभेच्या मुळाशी चक्क पाचर कापून काढत. विसाव्या शतकात पारडे मनाकडे झुकले. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाचे वेंडेल जॉन्सन स्वतः तोतरे. आईवडिलांनी मुलाच्या साध्या अडखळण्याला नाव ठेवले की तोतरेपणा जडतो, असे त्यांचे मत होते. १९३९मध्ये त्यांच्या विद्यार्थिनीने डॅव्हनपोर्टच्या अनाथाश्रमातील २२ मुलांवर प्रयोग केला. त्यांतल्या नीट बोलणाऱ्या काहींना ‘तू तोतरा आहेस’ असे बजावले गेले. मुले बुजली, बोलेनाशी झाली. पण त्यांच्यात खरा तोतरेपणा निर्माण झाल्याचे त्या नोंदींच्या फेरतपासणीत आढळले नाही. विद्यापीठाने २००१मध्ये माफी मागितली.

आज मूळ मेंदूत मानले जाते. एकसारख्या जुळ्यांत दोघेही तोतरे असण्याची शक्यता इतर जुळ्यांपेक्षा जास्त असते. २०१०मध्ये पाकिस्तानी कुटुंबांच्या अभ्यासातून ‘जीएनपीटीएबी’ या जनुकातील बदल पुढे आला. मात्र असे बदल थोड्याच रुग्णांत सापडतात. मेंदूच्या प्रतिमांत डाव्या गोलार्धातील, ऐकणे आणि उच्चार यांना जोडणारे तंतू कमकुवत दिसतात. उच्चारांची वेळ साधणाऱ्या खोल केंद्रांतही फरक आढळतो. म्हणूनच की काय, सगळ्यांबरोबर आरती म्हणताना तोच माणूस अडखळत नाही. ठेका बाहेरून मिळतो.

भीती कारण नसली तरी ती अडखळणे वाढवते. फोनवर, मुलाखतीत ते बळावते. अवघड शब्द टाळायची सवय लागते: ‘पनवेल’ ओठांवर येईना म्हणून पुढच्या थांब्याचे तिकीट काढणारे असतात. स्वतःच्या नावाला मात्र पर्यायी शब्द नसतो, आणि बहुतेकांची गाडी तिथेच अडते. निव्वळ मानसिक धक्क्याने आलेला तोतरेपणा असतो, पण विरळा, आणि बहुधा प्रौढ वयात अचानक सुरू होणारा. मोठेपणी असे झाल्यास आधी पक्षाघाताची शंका घ्यावी.